गाडीतला वास

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी स्वयंपाकावर बोलते, कोणी व्रतवैकल्यांवर, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा चिटणीसबाईंनी मला भाजीबाजारात गाठले आणि म्हणाल्या, "तुमच्या मोटारीचं ते पुराण सभेत सांगा." मी म्हटले, "अहो, मला मोटार चालवता येत नाही. तिच्यातले मला काय कळते?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगा." आता उभी राहिलेच आहे, तर घडले तसे सांगते. मधे हसू आले तर खुशाल हसा. मात्र ज्यांच्या घरी गाड्या आहेत त्यांनी जरा कान देऊन ऐकावे.

आमच्याकडे २०१९ साली एक जुनी मोटार आली. नवी घेण्याची ऐपत नव्हती. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना दर महिन्या-दोन महिन्यांनी अमरावतीला डॉक्टरांकडे न्यावे लागते, आणि यष्टीची पायरी त्यांना चढवत नाही. एवढ्यासाठी ती घेतली. गाडी पेट्रोलवर चालणारी आहे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार त्यात दोष गाडीचा किती आणि आमचा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

२०२५ च्या होळीच्या सुमारास मला त्या गाडीत वास येऊ लागला. मागचे दार उघडले की पेट्रोलचा भपकारा नाकात शिरायचा. मी ह्यांना सांगितले. हे म्हणाले, "मले तं काही वास येऊन नाही रायला. तुले भास होते."

आता यातली गोम अशी की ह्यांना २०२१ च्या एप्रिलात कोरोना झाला होता. देवाच्या कृपेने दवाखान्यात राहावे लागले नाही, पण नाकाची वास घेण्याची शक्ती गेली ती पुरती परत आलीच नाही. फोडणी करपून घरभर धूर झाला तरी ह्यांना डोळ्यांतून पाणी आले म्हणजे कळते. पण गंमत पाहा, डोळ्यांना कमी दिसू लागले तर माणूस चष्मा लावतो, कानाला कमी ऐकू आले तर "पुन्हा बोल" म्हणतो. नाक गेले तर मात्र तो ठामपणे सांगतो की वासच नाही! आणि गाडी चालवणारा तोच, मिस्त्रीशी बोलणाराही तोच.

मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "आई, वास येते खरा, पण दोन मिनिटं बसलं की जाते ना." हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मलाही तसाच अनुभव होता. बसले की पहिल्यांदा डोके भणभणे आणि रस्त्याला लागेपर्यंत वास नाहीसा होई. मला वाटले, वारा लागून जात असेल. पण तसे नाही. आपण पापड तळत असलो म्हणजे आपल्याला तळणाचा वास येत नाही, बाहेरून आलेल्या पाहुण्याला तो दारातच येतो. वास तिथेच असतो, आपले नाक थकलेले असते. म्हणून गाडीचा वास पाहायचा तर तो पहिल्या श्वासाला. दार उघडावे, एकदा हुंगावे, बाजूला व्हावे, मोकळ्या हवेत चार पावले चालावे आणि मग पुन्हा यावे. आत बसून राहून "येतो का, येतो का" करण्यात अर्थ नाही.

ह्यांनी माझ्या समाधानासाठी एक केले. बाजारातून अत्तराची ती लहानशी बाटली आणून आरशाला टांगली. झाले! आता मोगरा आणि पेट्रोल दोन्ही मिळून असा काही वास येऊ लागला की सासूबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "हे फेक वो माय पहिले. डोकं उठलं माह्यं." बाटली गेली, पेट्रोल राहिले.

इथे थोडे आडवळण घेते. वास आला म्हणजे तो कशाचा हे आधी ओळखावे लागते, कारण आजकाल गाड्याही तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. डिझेलचा वास तेलकट आणि जड असतो. पेट्रोलचा हलका, गोडसर आणि नाकात चढणारा. काही गाड्या सिलिंडरच्या गॅसवर चालतात, त्यांचा वास सडलेल्या कोबी-कांद्यासारखा. हा गॅसचा वास मुळात गॅसचा नाहीच, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. १९३७ साली १८ मार्चला अमेरिकेत टेक्सस प्रांतातल्या न्यू लंडन नावाच्या गावी एका शाळेत बिनवासाचा गॅस गळून साठला, त्याचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे माणसे गेली, त्यांत बहुतेक लेकरे. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वासाचे द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातही तेच मर्कॅप्टन नावाचे द्रव्य घातलेले असते. तो वास इतका वाईट ठेवला आहे तो आपण नाक दाबून काम करीत राहावे म्हणून नव्हे. पोरांना शाळेत नेणाऱ्या एखाद्या गाडीत हा सडक्या कांद्याचा वास आला, तर लाजू नका, गाडी थांबवून विचारा. घरगुती सिलिंडरचा गॅस चोरून गाडीत भरणारे लोक आहेत, हे आपल्याला नवे नाही.

आमच्या गाडीत मात्र पेट्रोलच होते. पेट्रोलची गोष्ट रॉकेलपेक्षा वेगळी. आपण स्टोव्हच्या आणि कंदिलाच्या काळातल्या आयांच्या मुली, रॉकेल आपल्या माहितीचे. त्याला वात लागते. पेट्रोलला वात लागत नाही. शून्याच्या खाली चाळीस अंश थंडी असली तरी त्याची पेट घेण्याजोगी वाफ सुटत असते, मग आपल्या वऱ्हाडातल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाची काय कथा! आणि ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, खाली बसते. गाडीत खाली म्हणजे कुठे? जिथे पाय ठेवतो तिथे, आणि जिथे मांडीवर लेकरू झोपते तिथे. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचे एक विषारी द्रव्यही असते, आपल्याकडे शंभरात एक भागापर्यंत त्याला परवानगी आहे. ते रोज थोडे थोडे हुंगणे कोणालाच चांगले नाही. एक गोष्ट तेवढी बरी. हवेत शंभरात साधारण दीड भाग पेट्रोलची वाफ झाली तर ती भडकू शकते, पण आपल्या नाकाला त्याच्या कितीतरी आधी वास कळतो. म्हणजे वास आला की लगेच भडका होईल असे नाही, नाक फार आधीपासून सांगत असते. पण त्याचे ऐकले तर ना!

माझा पहिला संशय डिकीवर गेला. आमच्या गाडीत फवारणीच्या पंपासाठी पेट्रोलची प्लास्टिकची कॅन जात-येत असे. कॅन काढली, डिकी धुतली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. वास कमी झाला. मला वाटले, सापडले! मी सगळ्यांना सांगूनही टाकले. चौथ्या दिवशी पुन्हा तोच भपकारा. मग हे म्हणाले, "आता तं कॅनही नाही. म्हनून म्हनतो, भास आहे."

दुसरा संशय टाकीच्या झाकणावर. हा माझा नव्हे, मुलाचा. झाकणाच्या आत रबरी वायसर असतो, तो तडकला होता. आपल्या कुकरची रिंग जुनी झाली म्हणजे शिट्टी न होता कडेने वाफ जाते ना, तसेच. झाकण नवे आणले. बाहेरून, टाकीच्या तोंडाजवळ जो वास यायचा तो बंद झाला. आत येणारा बंद झाला नाही. हे मला नंतर कळले की एका गाडीला दोन ठिकाणी गळती असू शकते आणि एक बंद केली की माणूस दुसरी शोधायचे सोडून देतो.

मग अमरावतीच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. ते मोठे गॅरेज, खुर्च्या, पंखा, सगळे होते. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, वाकून पाहिले, "साफ करावे लागेल" म्हणाला आणि साडेतीन हजारांची पावती फाडली. मी म्हटले, "वास मागे येतो, तुम्ही पुढे काय पाहता?" तो हसून म्हणाला, "काकू, पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार, मोगऱ्याचा कसा येईल?" मोगऱ्याचाही येऊन गेला होता, पण ते मी त्याला सांगितले नाही. घरी आलो तो वलगाव येईस्तोवर डोके धरून बसले होते.

आता मुख्य प्रसंग सांगते. मे महिन्यात माझी मुलगी बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मोठ्या मुक्कामाला आली होती. लेकरू आठ महिन्यांचे. तिला परत जायचे होते, बडनेऱ्याहून आगगाडी होती. आदल्या संध्याकाळी ह्यांनी गाडीची टाकी फुल्ल करून आणली. फुल्ल म्हणजे कशी, तर पंपावरची नळी टक् असा आवाज करून आपोआप बंद झाली, त्यावरही "टाका, टाका" म्हणून पैशांचा आकडा सरळ होईपर्यंत भरली. ही सवय आपल्याकडे सगळ्यांचीच आहे. रात्रभर गाडी अंगणात बंद. सकाळी आठलाच ऊन तापलेले. मी लेकराला घेऊन मागे बसायला गेले, दार उघडले, तर काय सांगू, तोंडावर जणू कोणी पेट्रोलचे फडके धरले! आणि पुढे पाहते तो हे चालकाच्या जागेवर बसून, समोरच्या गणपतीला लावायची उदबत्ती एका हातात आणि आगपेटीची काडी दुसऱ्या हातात.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. लेकराला मुलीच्या अंगावर दिले आणि ह्यांच्या हातातून ती आगपेटी हिसकून घेऊन अंगणात फेकली. देवाची उदबत्तीही मोडली. गावाला निघताना असे झाले म्हणून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हे तर लालबुंद. "येडी झाली का तू? गाडीची टायमिंग होऊन रायली!" मी म्हटले, "मी या गाडीत बसत नाही आणि लेकराला बसू देत नाही." शेजारच्या बायका दारात आल्या. त्यांतल्या दोघी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारा. शेवटी मुलगी, लेकरू आणि मी यष्टीने अमरावतीला आणि तिथून ऑटोने बडनेऱ्याला गेलो. आगगाडी मिळाली, पण डब्यात चढलो तेव्हा सुटायला चारच मिनिटे होती. जावईबापूंना फोनवर काय सांगावे हे मुलीला सुचेना. मला मात्र त्या दिवशी लाज वाटली ती आगपेटी फेकल्याची नव्हे. दोन महिने मी वास येतो, वास येतो म्हणत होते आणि त्याच गाडीत सासूबाईंना तीनदा बसवून नेले होते, त्याची.

उदबत्तीचे म्हणाल, तर तिच्या निखाऱ्यापेक्षा ती पेटवायची काडी वाईट. आपल्याकडे कितीतरी गाड्यांत समोर देव असतो आणि निघण्याआधी काचा बंद असतानाच काडी ओढली जाते. आमच्या गाडीत आता फुले वाहतात.

परत आल्यावर मी ठरवले की आता कोणाशी वाद घालायचा नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. यंत्रातले मला कळत नाही, पण दुधाचा, गॅसचा आणि धोब्याचा हिशेब मी वीस वर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवते आहे. त्याच कॅलेंडरवर वासाचा हिशेब मांडला. सकाळी दार उघडून एकदाच हुंगायचे. वास जोराचा असेल तर दोन फुल्या, थोडा असेल तर एक, नसेल तर टिंब. शेजारी पेट्रोल कधी भरले, किती भरले, गाडी उन्हात होती की सावलीत. दोन वेळा पेट्रोल भरले तेवढ्या दिवसांचा हिशेब झाला, आणि मग कॅलेंडर उतरवून मांडीवर घेऊन बसले. आंधळ्यालाही दिसावे असे होते. टाकी फुल्ल केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन दोन फुल्या. मग एक. काटा अर्ध्यावर आला की नुसती टिंबे. पुन्हा फुल्ल, पुन्हा फुल्या. कॅन काढल्यावर वास गेला असे मला वाटले होते ते याचमुळे, त्या दिवसांत टाकी निम्मी रिकामी होती!

मी ते मुलाला दाखवले. टाकी भरलेली असतानाच गळते, अर्धी असताना गळत नाही, तर भोक कुठे असेल? हंडा काठोकाठ भरला की डुचमळतो आणि वरच्या चिरेतून पाझरतो, अर्धा असला की पाझरत नाही. म्हणजे चीर वर आहे, बुडाशी नाही. मुलाने मोबाईलवर शोधले आणि मला वाचून दाखवले, ते ऐकून मी चकित झाले. २०१० साली मारुती सुझुकी कंपनीने ए-स्टार नावाच्या सुमारे एक लाख गाड्या परत बोलावून टाकीतल्या पंपाची रबरी रिंग बदलून दिली होती, कारण टाकी भरलेली असताना तिथून पेट्रोल झिरपण्याची शक्यता होती. पुढे २०१४ च्या एप्रिलात त्याच कंपनीने स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा मिळून १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या, त्या पेट्रोल भरण्याच्या नळीचा भाग बदलायला. नळी आपोआप बंद झाल्यावरही वर भरत राहिले तर वास येऊ शकतो आणि क्वचित गळतीही होऊ शकते, असे कंपनीनेच सांगितले होते. आमची गाडी यांतली नव्हे. पण एक लाख घरांतून गाड्या बोलावून घेण्याइतके हे दुखणे खरे आहे, हे कळल्यावर मला जो धीर आला तो काय सांगू! भास म्हणे.

आता नेमकी जागा शोधायची. मिस्त्रीकडे नुसते "मागे वास येतो" म्हणून जायचे नाही असे मी ठरवले होते. आपल्या वऱ्हाडात कापसाला काय तोटा! चांगल्या मोकळ्या कापसाचे चार सारखे बोळे केले. एक बॉनेटखाली ठेवला, एक पुढच्या पायदानाच्या सतरंजीखाली, एक मागच्या सीटखाली खोल सारला आणि एक डिकीत. टाकी मुद्दाम भरून आणली होती. रात्रभर ठेवून सकाळी इंजिन थंड असतानाच चारही बोळे चार वेगवेगळ्या स्टीलच्या डब्यांत घालून झाकणे लावली. डब्यांच्या बुडाला कुंकवाची बोटे उमटवली, एक, दोन, तीन, चार. मी स्वतः हुंगले असते तर मला जे हवे तेच वाटले असते. म्हणून ओसरीवर सासूबाईंना बसवले आणि कोणता डबा कुठला ते न सांगता एकेक पुढे केला. आमच्या सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, पण डाळीला कीड लागायच्या आधी त्यांना वास येतो. पहिला हुंगून म्हणाल्या, "तेलकट हाय." दुसरा, "थोडा येते." तिसरा उघडला मात्र, त्यांनी डबा हातभर लांब केला. "हाच. हाच हाय पाह्य." चौथा, "थोडा." तिसऱ्याच्या बुडाला तीन बोटे होती. मागची सीट.

हे सगळे ह्यांच्यासमोर झाले. हे काही बोलले नाहीत. गडव्याने पाणी प्याले आणि म्हणाले, "चाल, बनोशाच्या मिस्त्रीकडं नेतो."

बनोशाचा मिस्त्री साधा माणूस, दोन हातगाड्यांच्या मधे त्याचे दुकान. मी कॅलेंडरच घेऊन गेले होते. त्याने ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "वयनी, असं कोनी लिहून आनलं तं माह्यं अर्धं काम होऊन जाते." त्याने गाडी रस्त्यावरून बाजूला मोकळ्यावर घेतली, चारही दारे उघडली, अर्धा तास तशीच ठेवली. पोराला सांगून बॅटरीची तार काढली. मग मागची सीट उचलली. खाली लोखंडी पत्रा आणि त्यात स्क्रूने बसवलेले एक गोल झाकण. ते झाकण काढले, तो खाली टाकीचा वरचा भाग आणि पंपाचे तोंड दिसले. चहूकडे आपल्या काळ्या मातीची धूळ कोरडी ठणठणीत, आणि पंपाच्या तोंडाभोवती मात्र अर्ध्या वर्तुळात ओली, काळीकुट्ट. मिस्त्रीने बोट लावून पाहिले. कानावर बिडी खोचलेली होती ती काढून आधी दुकानात ठेवून आला. इतक्या वेळ तो बडबडत होता, तेव्हापासून गप्प झाला.

मी त्याला विचारले, "मी तर रोज गाडीखाली वाकून पाहत होते, जमिनीवर एकही ठिपका नव्हता." तो म्हणाला, खाली पडायला उरते कुठे? वरच झिरपते आणि वरच उडून जाते, आणि सीटच्या फटीतून वाफ आत येते. तेव्हा खाली ठिपका नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नका.

ती रबरी रिंग त्याने काढून माझ्या हातावर ठेवली. चौदा वर्षांची जुनी, मऊ असायला हवी ती करवंटीसारखी कडक आणि एका जागी चिरलेली. कशाने झाली विचारले तर म्हणाला, वयाने, उन्हाने, आणि आताच्या पेट्रोलनेही थोडी असेल. आता पेट्रोलमध्ये शंभरात वीस भाग इथेनॉल असते, ते ऊस, मका, तांदूळ यांपासून काढलेले. जुन्या काही गाड्यांच्या रबरी भागांना ते मानवत नाही, ते लवकर बदलावे लागू शकतात, असे २०२५ मध्ये सरकारनेही सांगितले आहे. कोणाचा दोष किती आणे, हे मिस्त्रीलाही सांगता आले नाही. शिवाय फुल्ल टाकीचे आणखी एक कारण त्याने सांगितले ते मला पटले. पेट्रोल तापले की फुगते, दर दहा अंशांना शंभरात जवळजवळ एक भाग. पंपावरचे पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून थंड येते. पस्तीस लिटर काठोकाठ भरून गाडी मेच्या उन्हात लावली तर अर्धा लिटर जास्तीचे होते. त्याने जायचे कुठे?

रिंग बसवायला नव्वद मिनिटे लागली. रिंगचे आणि मजुरीचे मिळून सहाशे चाळीस रुपये झाले. अमरावतीच्या साडेतीन हजारांची मी घरी आठवणही काढली नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

घरी आल्यावर ह्यांनी गाडीचे दार उघडून मला बोलावले आणि म्हणाले, "पाह्य बरं, येते का?" मी हुंगले. थोडा येत होता, सतरंजीत मुरलेला. सतरंजी काढून आठ दिवस वाळवली तेव्हा गेला. तेव्हापासून गाडी काढण्याआधी हे मला हाक मारतात. मी हातातले पीठ झटकून बाहेर जाते, हुंगते, मान हलवते आणि मग चावी लागते. सासूबाई बरोबर असल्या तर त्या माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, स्वतः हुंगतात. पेट्रोल पंपावर टक् झाले की हे हात वर करतात, आकडा सरळ असो की वाकडा.

जोराचा वास आला तर काय करायचे, हे दोघींनी मला मघाशी विचारले, ते सांगून टाकते. गाडी सुरू करायची नाही. दारे उघडून लेकरांना लांब न्यायचे. काडी ओढायची नाही, हे सांगायला नकोच. गाडी घराच्या भिंतीला लागून किंवा पोर्चमध्ये असेल तर चार जणांनी ढकलून मोकळ्यावर आणायची, आणि मिस्त्रीला गाडीपाशी बोलवायचे, गाडी मिस्त्रीकडे चालवत न्यायची नाही. आम्ही ती चालवत नेली होती. ते चुकलेच.

आणखी एक सांगायचे राहिले. मागच्या आठवड्यात पेट्रोल भरून आणल्यावर मला टाकीच्या तोंडाशी पुन्हा किंचित वास आला. आत नाही, बाहेर. नवे झाकणही बिघडले की काय, कोण जाणे. कॅलेंडरवर एक फुली मारून ठेवली आहे, सोमवारी मिस्त्री येऊन पाहणार आहे. काय निघाले ते पुढच्या भिशीला सांगेन. माझे बोलणे फार लांबले, हळदीकुंकवाची ताटे कधीची तयार आहेत.